एकशे सतरा हात

आमच्या ऑफिसात दोनबोटे नावाचा माणूस कागदोपत्री कुठेच नव्हता. पगाराच्या यादीत त्यांचं खरं आडनाव होतं, पण ते कुणी तोंडात घेतल्याचं मला आठवत नाही. नवी माणसं तर महिनोन्महिने हेच त्यांचं आडनाव समजायची. एकाने त्यांना अदबीने 'आदरणीय श्री. दोनबोटे' अशी ईमेल पाठवली. त्यांनी सविस्तर उत्तर दिलं आणि खाली सहीही तीच केली. मी त्यांना दोनबोटेकाका म्हणायचे.

नाव कसं पडलं ते सांगायचं तर आधी आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही शहराच्या रुग्णवाहिकांचं सॉफ्टवेअर बनवत होतो. तातडीच्या नंबरवर फोन आला की तो उचलणाऱ्याच्या स्क्रीनवर काय दिसावं, जवळची गाडी कोणती, ती कुठल्या रस्त्याने न्यावी, हे सगळं त्यात. काम अवाढव्य होतं. अकरा टीम आणि मला सोडून एकशे अठरा माणसं. इतकी माणसं एकाच गोष्टीला भिडली की काय होतं, हे ज्यांनी घर बदलताना चौघांना एकच कपाट उचलताना पाहिलंय त्यांना सांगायला नको.

म्हणून आम्ही अजाइल पद्धतीने काम करायचो. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. वर्षानुवर्षं दार लावून सगळं एकदम बांधायचं नाही. दोन आठवड्यांत होईल एवढा तुकडा घ्यायचा, पुरा करायचा, जे तो वापरणार त्यांच्यापुढे ठेवायचा, ते नाक मुरडतील तिथे दुरुस्त करायचा आणि पुढच्या तुकड्याला हात घालायचा. अकरा टीमचे तुकडे एकमेकांना जुळावेत म्हणून दर दहा आठवड्यांनी सगळे दोन दिवस एका मोठ्या हॉलमध्ये प्लॅनिंगला बसायचे. भिंतीवर लांबलचक कागद, त्यावर टीमच्या ओळी आणि आठवड्यांचे रकाने. प्रत्येक कामाचं एक कार्ड. एका टीमचं काम दुसरीमुळे अडत असेल तर त्या दोन कार्डांमध्ये लाल लोकरीचा धागा टाचायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती भिंत, कुणी स्वेटर विणायला घेऊन मध्येच कंटाळावं, तशी दिसायची.

हे सगळं हाकायचं काम माझं होतं. वेळ सांभाळणं, भांडणं सोडवणं, आणि सगळ्यात शेवटी मतदान. मी विचारायचे, "हा बेत पार पडेल असं कितपत वाटतं?" प्रत्येकाने हात वर करून बोटं दाखवायची. पाच म्हणजे पक्की खात्री, एक म्हणजे मुळीच नाही. ज्याची तीनपेक्षा कमी त्याला कारण विचारायचं, त्याने उभं राहून ते सांगायचं आणि ते ऐकल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असा नियम होता. दोन दिवस डोकं पिकल्यावर, सगळ्यांची नजर घड्याळाकडे असताना, एकशे अठरा माणसांत दोन बोटं वर करायला काय लागतं याची कल्पना करा. काका दर वेळी करायचे. सतरा प्लॅनिंग झाली आणि सतरा वेळा त्यांची दोनच बोटं वर होती.

"झालं! दोनबोटे उठले, आता जेवायलाच घरी पोचू," असं मागून कुणीतरी म्हणायचं आणि हशा व्हायचा. काकाही हसायचे. मग चष्मा कपाळावर सरकवून ते एखादी इतकी बारीक गोष्ट सांगायचे की सगळे एकदम गप्प व्हायचे. नव्या फोनचा आवाज आणि हेडफोनची बॅटरी संपत आल्याचा आवाज सारखाच आहे. नकाशात इमारतीचं दार दाखवलंय ते मागच्या गल्लीतलं आहे, तिथून स्ट्रेचर निघत नाही. फोन बंद करायचं बटण अशा जागी आहे की लिहिता लिहिता मनगट त्यावर पडतं. एवढंच सांगून ते खाली बसायचे. पुढच्या दोन आठवड्यांत ती गोष्ट दुरुस्त झालेली असायची. आमची पद्धत किती वेगवान आहे हे पाहुण्यांना सांगताना मी काकांचीच उदाहरणं द्यायचे, त्यांचं नाव न घेता.

त्यांना हे सगळं कुठून कळायचं? ते स्वतः एकोणीस वर्षं तो फोन उचलत होते. त्यांची बायकोही तिथलीच, शेजारच्या खुर्चीवरची. काकू सांगायच्या, "आमचं लग्न हेडफोन लावूनच जमलं. दोन फोनच्या मध्ये जेवढं बोलता येईल तेवढं." त्या कामाच्या सवयी काकांच्या अंगात मुरल्या होत्या. ते चार मिनिटांत जेवायचे. चहा डाव्या हाताने ढवळायचे, कारण उजवा कीबोर्डवर. आणि कुठलाही फोन उचलला की हॅलो न म्हणता म्हणायचे, "पत्ता सांगा." बँकेचा फोन असो, परगावच्या मुलीचा असो, पहिलं वाक्य तेच. मुलगी बिचारी दर वेळी आपल्या घराचा पत्ता सांगायची आणि मग म्हणायची, "आता बोलू का, बाबा?"

मी एकदा विचारलं, पत्ताच आधी का? काय झालंय ते आधी नको का विचारायला?

"अगं, फोन तुटला तर? काय झालंय ते कळलं आणि कुठे ते कळलंच नाही, तर त्या कळण्याचं काय करणार? पत्ता असला की गाडी तरी निघते. बाकीचं मग बोलता येतं."

आमच्याआधी एक जुनं सॉफ्टवेअर आलं होतं. ते जुन्या पद्धतीने बनवलेलं. चारशे बारा पानांचा जाडजूड मसुदा, तीन वर्षं काम, आणि एका सोमवारी सकाळी सगळ्या शहरासाठी एकदम चालू. त्या तीन वर्षांत काकांना एकदाच विचारलं गेलं होतं, तेही छापील फॉर्मवर. सूचना लिहायला दीड ओळ जागा होती. त्या सोमवारी अकराच्या सुमाराला स्क्रीनवर फोन साचू लागले. एका बाईचा फोन काकांकडे आला. आईला श्वास लागला होता. गाडी चार मिनिटांत पोचेल असं स्क्रीन सांगत होती, आणि प्रत्यक्षात त्या पत्त्यावर कुठलीच गाडी निघाली नव्हती. त्या बाईने काकांना सात वेळा पत्ता सांगितला. सव्वीस मिनिटं ते तिच्याशी बोलत होते. पुढचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर काकांनी ती खुर्ची सोडली, चाळिशी उलटल्यावर सॉफ्टवेअर तपासायचं, टेस्टरचं काम शिकले आणि आमच्याकडे आले. पुन्हा कुणी असं ताटकळू नये, एवढ्या एकाच कारणासाठी. ते बोलून दाखवायचे नाहीत, पण आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. दोन बोटांबद्दल मी चिडवलं तर म्हणायचे, "तिथे तीन वर्षांत एकदा विचारलं. इथे दर दहा आठवड्यांनी विचारतात. एवढं विचारतात तर खरं सांगायला नको?"

माझ्याइतका त्या पद्धतीवर विश्वास असलेला ऑफिसात तो एकच माणूस होता. माझ्याइतका म्हणते, पण ते खरं नाही. माझ्यापेक्षा जास्त.

अठराव्या प्लॅनिंगच्या आधी वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी मला बोलावलं. शहराचा अर्धा भाग आमच्या सॉफ्टवेअरवर जाणार होता, त्याची तारीख जाहीर झाली होती. साहेबांच्या स्क्रीनवर एक आलेख होता. मतदानातल्या बोटांची सरासरी काढून कुणीतरी तो बनवला होता, आणि त्याची रेघ तीन वेळा चारच्या खाली गेली होती. साहेब भले गृहस्थ होते, आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, "हा आकडा चारच्या वर दिसला, तर तुमची पद्धत कंपनीच्या तिन्ही प्रकल्पांत नेऊ. तुम्हीच मुख्य." पुढचं वाक्य त्यांनी अर्धवट सोडलं. मला पूर्ण समजलं: काका उठून बोलले की बाकीच्यांचीही पाचाची चार आणि चाराची तीन बोटं व्हायची. मला ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती, हे आज लपवण्यात अर्थ नाही.

प्लॅनिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काका मला बाहेर पाण्याच्या मशीनपाशी भेटले. मीच त्यांना गाठलं, खरं तर.

"काका, या वेळी जरा सांभाळून घ्या."

"कुणाला?"

"मला."

त्यांनी पेला भरला. प्यायले नाहीत. म्हणाले, "चार नंबरच्या टीमचा लाल धागा बघितलास? तो या वेळच्या बेतातून काढून त्यापुढच्या दहा आठवड्यांत ढकललाय."

तो धागा कशाचा होता ते मला ठाऊक होतं. रस्त्यात अपघात झाला की एकाच जागेवरून तीस-तीस फोन येतात. म्हणून एका पत्त्यावरून दहा मिनिटांत आलेले फोन सॉफ्टवेअर आपोआप एकच धरायचं. पण मोठ्या इमारतीत एकाच वेळी दोन माणसं आजारी पडू शकतात. तेव्हा फोन एकत्र करण्याआधी उचलणाऱ्याला विचारावं, असं एक छोटं कार्ड होतं. ते नकाशावाल्या टीमवर अडलं होतं, आणि गर्दीत मागे पडलं होतं.

"बघते मी," मी म्हणाले. आमच्या ऑफिसात 'बघते' म्हणजे काय ते काकांना चांगलं माहीत होतं. त्यांनी मान डोलावली आणि आत गेले.

संध्याकाळी मतदान झालं. मी प्रश्न विचारला, हात वर गेले, मी ओळीने मोजत गेले. चार, पाच, चार, चार, पाच. तीनच्या खाली एकही नाही. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "दोनबोटे सुधारले!" असं कुणीतरी ओरडलं. मी आकड्यांची बेरीज केली. हात भरले एकशे सतरा.

मी वर बघितलं. काका मागे खिडकीशी बसले होते, दोन्ही हातांत कागदी कप धरून. त्यांनी चार बोटं दाखवली नव्हती, कारण ते खोटं ठरलं असतं. दोनही दाखवली नव्हती, कारण मी गळ घातली होती. ते फक्त कपाकडे बघत होते. मी ते बघितलं, आणि बेरजेला एकशे सतराने भागलं. उत्तर आलं चार पूर्णांक दोन. मी ते पाठवून दिलं.

पाच आठवड्यांनी अर्धं शहर आमच्या सॉफ्टवेअरवर गेलं. सगळं सुरळीत झालं. केक कापला, फोटो निघाले. एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी एका नऊ मजली इमारतीतून फोन आला. जिन्यावरून पडून एका बाईचा पाय मोडला होता. गाडी निघाली. सहा मिनिटांनी त्याच इमारतीच्या सातव्या मजल्यावरून दुसरा फोन आला. निवृत्त शिक्षक, छातीत कळ, फोनवर त्यांची बायको. सॉफ्टवेअरने दोन्ही फोन एक धरले. फोन उचलणाऱ्या मुलीच्या स्क्रीनवर आलं, गाडी आधीच पाठवली आहे. तिने तसं सांगितलं. गाडी आली, पाय मोडलेल्या बाईंना घेऊन निघून गेली. सातव्या मजल्यावरच्या बाईंनी ती खिडकीतून जाताना पाहिली. त्यांनी पुन्हा फोन केला, दुसरी गाडी पोचली, तोवर एकतीस मिनिटं झाली होती. शिक्षक वाचले नाहीत.

ते छोटं कार्ड आम्ही चार दिवसांत पुरं केलं. इतकंसं काम होतं ते.

अशा वेळी आमच्याकडे मागे वळून बघायची एक बैठक असते. पंधरा माणसं, गोल मांडलेल्या खुर्च्या. सुरुवातीला बैठक चालवणाऱ्याने एक वाक्य मोठ्याने वाचायचं असतं, कुणी घाबरून गप्प बसू नये म्हणून. आमचं वाक्य असं होतं: 'इथे दोष द्यायला आपण बसलेलो नाही, ज्याला जेवढं माहीत होतं, त्यात त्याने जमेल तेवढं चांगलंच केलं, असं धरून बोलू.' फार चांगलं वाक्य आहे. मीच लिहिलं होतं.

दाराशी काका थांबले होते. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. म्हणाले, "आज ते वाक्य वाचू नकोस."

"नियम आहे, काका."

"मला माहीत होतं गं."

मी आत गेले आणि वाक्य वाचलं. माझा आवाज जराही हलला नाही, याची आज मला लाज वाटते. मी वाचत असतानाच काकांनी हात वर केला. दोन बोटं.

"काका, आज मतदान नाहीये," शेजारचा हळूच म्हणाला. त्याला वाटलं, सवयीने झालं. काकांनी हात तसाच ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. दोन बोटं वर असली की कारण विचारायचं असतं. मी नजर फिरवली, चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाले, "चला, सुरुवात करू." थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला. अहवालात कारण लिहिलं गेलं: दोन टीममधल्या कामाचा क्रम चुकला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या प्लॅनिंगच्या आतच काकांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली. निरोपाला सगळ्यांनी हौसेने दोन बोटं वर करून फोटो काढला. फोटोत मध्यभागी काका आहेत, हात खिशात. मला खुर्ची मिळाली. तिन्ही प्रकल्प, काचेची खोली. पुढची दोन मतदानं मी तिथूनच चालवली आणि दोन्ही वेळा सरासरी उत्तम आली.

मी त्यांच्या घरी गेले ती तिसऱ्या प्लॅनिंगच्या आदल्या रविवारी. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. काकूंनी दार उघडलं. मी आधी फोन केला होता, तो त्यांनीच उचलला होता. म्हटलं, काका घरी नव्हते का तेव्हा? काकू आवाज खाली आणून म्हणाल्या, "फोनच्या शेजारीच बसले होते. ऑफिस सोडल्यापासून उचलतच नाहीत. मुलगी रडते. म्हणते, बाबांनी पत्ता विचारला नाही तर मला घरी फोन केल्यासारखंच वाटत नाही."

काका आतून बाहेर आले. बारीक झाले होते. इकडचं तिकडचं बोलून झालं, चहा झाला. मी कप खाली ठेवला आणि इतके दिवस राहिलेलं विचारलं. "त्या बैठकीत दोन बोटं का वर केली होती, काका?"

काकांनी आपलाही कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू विचारशील असं वाटलं होतं. तेव्हा."

"आता सांगा."

"तू सांभाळून घ्या म्हणालीस, म्हणून मी गप्प बसलो असं तुला वाटतं ना? तसं नाहीये. तू रडली असतीस तरी मी ऐकलं नसतं. अगं, मला कंटाळा आला होता. सतरा वेळा उभा राहिलो. सतरा वेळा लोक हसले. मीही हसलो. अठराव्या वेळी वाटलं, एकदा बसून बघू. बाकीच्यांसारखं घरी जाऊ. काय होतंय एकदा?" त्यांनी टेबलावरचा न सांडलेला चहा हाताने पुसला. "त्या सातव्या मजल्यावरच्या बाईंनी पहिल्या फोनवर पत्ता एकदाच सांगितला होता. स्पष्ट. मजल्यासकट. मी रेकॉर्डिंग ऐकलंय."

मी म्हणाले, "माहीत तर मलाही होतं, काका. धागा मीही पाहिला होता. तुमचा हात नाही हेही पाहिलं होतं. मी एकशे सतराने भागलं."

"ते मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "मला कशाला सांगतेस?"

ते रागाने म्हणाले नाहीत. खरंच विचारत होते.

मंगळवारी संध्याकाळी हॉलमध्ये मी मतदानासाठी उभी राहिले. भिंतीवर लाल धागे होते, लोकांनी पिशव्या आवरायला घेतल्या होत्या. पहिल्या रांगेत साहेब होते. काका गेल्यापासून त्यांची जागा भरलेली नव्हती, तेव्हा आता खरोखरच एकशे सतरा माणसं होती. मी प्रश्न विचारला नाही. मतदान घेणाऱ्याने मत द्यायचं नसतं, तरी मी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. हॉल हसला. मग माझा चेहरा बघून थांबला.

मी सगळं सांगितलं. पाण्याच्या मशीनपाशी मी काय मागितलं ते, कप धरून बसलेला माणूस, भागाकार, बैठकीतला वर केलेला हात. अहवालात जे लिहिलं नव्हतं ते. खाली बसावंसं इतकं वाटत होतं की काका सतरा वेळा कसे उभे राहिले असतील ते मला तेव्हा कळलं. साहेब मध्येच उठून बाहेर गेले. माझी खुर्ची राहते की जाते, ते तेव्हा मला माहीत नव्हतं आणि आजही नीटसं माहीत नाही.

"आता मतदान," मी म्हणाले. हात हळूहळू वर गेले. नऊ जणांची दोन बोटं होती. नऊ. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये एकट्या काकांची असायची. मी एकेकाला कारण विचारलं, आणि हॉल रिकामा व्हायला साडेसात वाजले. कुणी कुरकुर केली नाही.

भिंतीपाशी एकटी उभी राहून मी काकांच्या घरचा नंबर लावला. काकूंना सांगावं, त्या काकांना सांगतील, असं ठरवलं होतं. पाच-सहा वेळा वाजला. मी ठेवणारच होते, तेवढ्यात पलीकडे कुणीतरी उचलला. श्वास ऐकू आला, बोलणं नाही. मग घसा खाकरला.

"पत्ता सांगा," काका म्हणाले.

मला रडू फुटलं. पण मी आधी पत्ता सांगितला, हॉलचा, मजल्यासकट. मग काय झालं ते सांगितलं.